निवृत्त फौजी पतींची झोप, त्यांचा धसका आणि आमचे घर : कोणाकडे जावे?

प्रश्न : चोपडा तालुक्यातील एक गृहिणी

माझे पती भूदलातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आले, त्याला आता दोन वर्षे होत आली. सेवेतील बराच काळ त्यांनी काश्मीर खोऱ्यात काढला. राष्ट्रीय रायफल्स या लष्कराच्या दहशतवादविरोधी दलातील नेमणुकीत त्यांच्याकडे रोड ओपनिंगचे काम होते. म्हणजे लष्करी ताफा निघण्यापूर्वी पहाटे रस्त्याची प्रत्येक मोरी, कडेचा प्रत्येक ढिगारा तपासायचा, स्फोटके पुरलेली नाहीत याची खात्री करायची आणि मग ताफा परत येईपर्यंत त्याच रस्त्यावर उभे राहायचे. अशाच एका सकाळी त्यांचा जोडीदार, ज्याला फौजेत ‘बडी’ म्हणतात, त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. त्या दिवशी पुढे चालण्याची पाळी खरे तर यांची होती, एवढेच मला एका रात्री त्यांच्या तोंडून कळले. त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मलाही काढू दिला नाही.

रजेवर येत तेव्हा त्यांना झोप कमी लागते, हे मला दिसत असे. परंतु प्रवासाचा शीण असेल, वातावरण बदलले असेल, अशी मी मनाची समजूत घालत असे. आता ते कायमचे घरी आहेत आणि ती समजूत टिकत नाही. रात्री दोन-अडीचच्या सुमारास ते घामाने भिजून उठतात, दारांच्या कड्या तपासतात आणि उजाडेपर्यंत ओट्यावर बसून राहतात. रात्रपाळीच्या विजेवर मोटार सुरू करायला ते स्वतःहून जातात. मात्र दिवसाढवळ्या केळीच्या बागेत शिरायचे म्हटले की टाळाटाळ करतात, कारण पानांच्या दाटीत चार हातांपलीकडचे दिसत नाही. मोटारसायकलवर मी मागे बसलेली असताना प्रत्येक मोरीच्या अलीकडे त्यांचा वेग आपोआप कमी होतो. शिवारात रानडुकरांना पळवण्यासाठी सुतळी बॉम्ब लावतात, त्याचा आवाज आला की ते क्षणात भिंतीला पाठ लावून उभे राहतात आणि नंतर कितीतरी वेळ कोणाशी बोलत नाहीत. अखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्यात, ७ मे २०२५ पासून भारत-पाकिस्तान संघर्षाचे जे दिवस गेले, त्यांत ते रात्रंदिवस टीव्हीसमोर बसून होते आणि तेव्हापासून त्यांचे पिणेही वाढले आहे. विचारले की एकच उत्तर मिळते, ‘मी बरा शे.’

सासऱ्यांचे म्हणणे असे की पेन्शन आहे, घरची बाग आहे, मग याला दुःख कशाचे? सासूबाईंना बाहेरची बाधा वाटते आणि त्या भगताकडे नेण्याचा आग्रह धरून बसल्या आहेत. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. वडील कड्या तपासून गेले की ती पुन्हा एकदा त्या तपासते. नऊ वर्षांच्या मुलाने मित्रांना घरी आणणे सोडून दिले आहे. मी स्वतः लग्नाकार्यांना जाणे बंद केले आहे, घरात मिक्सर त्यांची वेळ पाहून लावते, मुलांना मोठ्याने हसू देत नाही. ते कोणावर हात उगारत नाहीत, हे मुद्दाम सांगते. पण आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून दिवस काढतो.

हा आजार आहे का? असल्यास खानदेशात कोणाकडे जावे? आणि दवाखान्याच्या कागदावर काही लिहिले गेले, तर त्यांच्या पेन्शनला धक्का बसेल का? हा शेवटचा प्रश्न माझा नाही, त्यांचा आहे. याच भीतीने ते तयार होत नाहीत.

उत्तर : माजी सुभेदार, भडगाव

वहिनी, आपण लिहिलेली एकही गोष्ट मला नवी वाटली नाही. आमच्या पलटणीतील अनेक जण आज महाराष्ट्रभर विखुरलेले आहेत आणि त्यांतील कितीतरी घरांमध्ये याच गोष्टी याच क्रमाने घडत आहेत.

हवालदारसाहेब गप्प का राहतात, हे आधी समजून घ्यावे लागेल, कारण त्याचे मूळ बरेचसे फौजेच्या पद्धतीतच आहे. सेवेतील प्रत्येक सैनिकाची वैद्यकीय श्रेणी पाच अक्षरांनी ठरते. त्यांना मिळून ‘शेप’ म्हणतात आणि त्यातील पहिले अक्षर ‘एस’ हे मनाच्या स्थितीचे असते. गुडघा दुखावला म्हणून श्रेणी खाली गेली, तर माणूस चारचौघांत सांगू शकतो. ‘एस’ खाली गेला की हत्यार हातात द्यावे की नाही, बढतीच्या कोर्सला पाठवावे की नाही, हे प्रश्न उभे राहतात आणि लंगरमध्ये जेवताना लोक जरा सरकून बसतात. म्हणून जवान डोके दुखते म्हणेल, पोट बिघडले म्हणेल, पण झोप उडाली आहे आणि भीती वाटते, असे आरएमओसमोर, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरसमोर, म्हणणार नाही. वीस-बावीस वर्षे हीच सवय अंगात मुरली असेल, तर निवृत्तीचा कागद हाती पडल्याने ती सुटत नाही.

दुसरी गोष्ट त्या पाळीची. कामाची पाळी बदलणे ही तिथे रोजची बाब असते. कोणाचा पाय मुरगळलेला असतो, कोणाला ताप असतो, कोणी रजेवरून कालच परतलेला असतो. त्या अदलाबदलीत कोणाचा दोष नसतो, हे प्रत्येक जण जाणतो. पण बडी म्हणजे ज्याच्या हाती आपली पाठ सोपवलेली असते असा माणूस. तो गेला आणि आपण राहिलो, याचा हिशेब मन वर्षानुवर्षे मांडत बसते. म्हणून माझी एक विनंती आहे. ‘त्यात तुमचा काय दोष?’ असे त्यांना लगेच म्हणू नका. ते वाक्य त्यांनी स्वतःला असंख्य वेळा ऐकवले असणार आणि त्याचा उपयोग झालेला नसणार. त्याऐवजी त्या जोडीदाराविषयी विचारा. तो कुठला होता, काय खायला आवडायचे, घरी कोण असते, त्याच्या घरच्यांशी कधी बोलणे झाले का? मरणाच्या दिवसापासून सुरुवात न करता त्याच्या जगण्यापासून केली, तर पुष्कळ फौजी बोलू लागतात, असा माझा अनुभव आहे.

आणि निवृत्तीनंतरच हे उफाळून का आले, असे आपल्याला वाटत असेल. पलटणीत सकाळी पीटी असते, रोलकॉल असतो, संध्याकाळी खेळ असतो, आणि शेजारच्या खाटेवर तेच भोगलेला माणूस झोपलेला असतो. गावी आल्यावर सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते आणि दुसऱ्या दिवसापासून विचारणारे कोणी नसते. ज्या माणसांसमोर काही सांगावे लागत नव्हते, ती माणसेच नाहीशी झालेली असतात. आपल्या तालुक्यात माजी सैनिकांची संघटना असेलच. तिथे त्यांच्याच काळात खोऱ्यात असलेला कोणीतरी नक्की भेटेल. त्याला घरी चहाला बोलवा. उपचाराचा शब्द त्याच्या तोंडून आला, तर त्याचे वजन वेगळे पडेल.

उत्तर : मानसोपचारतज्ज्ञ, धुळे

ताई, प्रत्यक्ष तपासणीशिवाय निदान करणे योग्य नाही; ते मी करणार नाही. तरीही आपण सांगितलेली लक्षणे आघातोत्तर ताणविकाराकडे, ज्याला सर्वत्र पीटीएसडी म्हणतात त्याकडे, स्पष्टपणे बोट दाखवतात. घडून गेलेला प्रसंग स्वप्नांतून आणि आवाजांतून पुन्हा पुन्हा अंगावर येणे, त्याची आठवण देणाऱ्या जागा आणि विषय टाळणे, मन सुन्न होऊन जवळच्या माणसांपासून दुरावणे किंवा स्वतःला दोष देत राहणे, आणि शरीर सतत सावध स्थितीत राहणे, अशा चार गटांतील लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यांनी जगणे अडवले, म्हणजे हे निदान विचारात घेतले जाते. पूर्ण विकार सहा महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा प्रकट झाल्याची उदाहरणे भरपूर आहेत, त्यामुळे ‘इतक्या वर्षांनी कसे?’ हा प्रश्न मनातून काढून टाकावा.

मोरीपाशी वेग कमी होणे, दाट पानांत न शिरणे, रात्री जागे राहणे, या गोष्टी तिथे त्यांचे आणि त्यांच्या तुकडीचे प्राण वाचवीत होत्या. ते शिक्षण शरीराने इतके पक्के केले आहे की चोपड्याच्या रस्त्यावर त्याची गरज नाही, हे मेंदूच्या भीती ओळखणाऱ्या भागाला पटत नाही. आवाज कसला आहे हे विचाराने ठरण्याआधीच हृदयाचे ठोके वाढलेले असतात. यात धैर्य कमी पडण्याचा काही संबंध नाही. हे मान्य करायला जगाला मात्र फार वेळ लागला. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ झालेल्या सैनिकांची वर्णने प्रसिद्ध केली. परंतु त्याच युद्धात पलायन, भित्रेपणा यांसारख्या आरोपांवरून ब्रिटिश सेनेने स्वतःच्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांपैकी ३०६ जणांना ब्रिटिश सरकारने माफी दिली ती २००६ साली. त्यांतील कितीजण आजारी होते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या हालअपेष्टा डोळ्यांआड करणे अशक्य झाल्यावर १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने या विकाराला आपल्या निदानसूचीत स्थान दिले. आपल्या सासऱ्यांना हे अवश्य सांगावे, कारण ‘याला दुःख कशाचे?’ या प्रश्नामागे फौजी माणूस असा ढेपाळतो कसा, ही शंका दडलेली असते.

आता मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते लिहितो. आपण मिक्सरची वेळ बदलली, लग्ने सोडली, मुलांचे हसणे आवरले. हे सगळे प्रेमापोटी केले, यात शंका नाही. परंतु घर जितके शांत आणि आकसलेले होत जाते, तितकी त्यांच्या मेंदूला अशी खात्री पटत जाते की बाहेर खरोखरच धोका आहे, म्हणून तर सगळे इतके सांभाळून वागतात. टाळण्याने त्या क्षणी सुटका होते आणि आजार मात्र पोसला जातो. शिवाय त्या आकसलेल्या घरात आपण आणि मुलेही राहता. सैनिकांच्या पत्नींमध्ये निद्रानाश, चिडचिड, सतत कान टवकारून असणे ही लक्षणे उमटतात, हे अनेक देशांतील अभ्यासकांनी नोंदवले आहे; १९८२ च्या लेबनॉन युद्धानंतर इस्राएलमध्ये झालेले काम त्यात विशेष उल्लेखनीय आहे. आपली मुलगी कड्या पुन्हा तपासते, हे वाचून मला आपल्या पतींइतकीच तिचीही काळजी वाटली.

म्हणून उद्यापासून घरात मुद्दाम गोंगाट करा, असे मी म्हणत नाही. सांगून, पूर्वकल्पना देऊन, नेहमीचे आयुष्य थोडे थोडे परत आणा. ‘आता मिक्सर लावते,’ असे म्हणून तो लावा. कानबाई देवीच्या सणाला माहेरची माणसे येणार असतील तर येऊ द्या. त्यांना गर्दी नकोशी झाली तर मळ्यात जाऊन बसण्याची मोकळीक ठेवा, पण पाहुण्यांना नाही म्हणू नका. झोपेत असताना त्यांना हलवून उठवू नका. दोन पावले लांब उभे राहून नावाने हाक मारा आणि दिवा लावा.

पिण्याबाबत दोन गोष्टी सांगायला हव्यात. दारूने डोळा लागतो, परंतु रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडते आणि स्वप्ने अधिक तीव्र होऊन परततात. ते अडीचला उठतात त्यात तिचाही वाटा असू शकतो. मात्र बाटल्या फेकून देऊन रोजच्या पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद करू नका. त्याने हात थरथरणे, भ्रम, क्वचित झटके येऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकते. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करायची असते. तसेच मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका. अल्प्राझोलॅमच्या जातीची औषधे या विकारात दीर्घकाळासाठी योग्य नाहीत आणि त्यांची सवय लागते.

एक अवघड विषय टाळून चालणार नाही. जगण्यात अर्थ नाही, मी नसलो तर बरे, असे ते कधी बोलले आहेत का? बोलले नसतील तरी एकदा सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट विचारणारे कोणीतरी आहे, याचा आधार वाटतो. शेतातील कीटकनाशके कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. परवान्याची बंदूक असेल तर ती काही काळ घरात न राहील अशी व्यवस्था करा. तसे काही जाणवले, तर त्यांना एकटे सोडू नका आणि वेळ न घालवता जवळच्या रुग्णालयात न्या.

उपचार आहेत आणि ते चांगले आहेत, हे मी ठामपणे लिहितो. सर्ट्रालिनसारख्या औषधांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यांची नशा किंवा चटक लागत नाही. फक्त ती मनाने मध्येच बंद करू नयेत. त्याहून टिकाऊ उपयोग आघातकेंद्री मानसोपचारांचा होतो. त्यात प्रशिक्षित समुपदेशक रुग्णाला त्या आठवणीकडे सुरक्षित वातावरणात, टप्प्याटप्प्याने वळवतो आणि टाळलेल्या जागांकडे परत नेतो. सामान्यतः आठ ते पंधरा बैठकांत फरक दिसू लागतो. अशी बैठक घेणारी माणसे आपल्या भागात कमी आहेत, हे दुःखाने मान्य करतो, परंतु काही बैठका दूरदृश्य पद्धतीनेही होऊ शकतात. स्फोटाच्या जवळ ते होते, म्हणून डोक्याला मार लागला होता का, ऐकू कमी येते का, हेही तपासले पाहिजे. मेंदूला बसलेल्या हादऱ्याची आणि या विकाराची लक्षणे एकमेकांत मिसळतात.

सुरुवात कुठून करावी? माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही वैद्यकीय उपचारांची योजना आहे. आपले कार्ड ज्या पॉलिक्लिनिकशी जोडलेले आहे तिथून मानसोपचारासाठी शिफारसपत्र मिळते, आणि ते योजनेच्या यादीतील खासगी रुग्णालयासाठी किंवा लष्करी रुग्णालयासाठी असू शकते. देवळालीचे लष्करी रुग्णालय आणि पुण्याचे कमांड हॉस्पिटल ही आपल्याला जवळची ठिकाणे. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही मानसोपचार विभाग आहेत. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोन क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी याच सेवेचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला आहे.

सासूबाईंशी भगताच्या प्रश्नावर भांडण करू नका. त्यांना नवस बोलायचा असेल, कानबाईला नारळ द्यायचे असेल, तर त्याने उपचारात काही अडत नाही. औषध बंद करायला सांगणारा मात्र घरात नको. आणि मारझोड करून बाधा उतरवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे घरातील सर्वांना ठाऊक असू द्या.

मूळ प्रश्नकर्ती

आपण दोघांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल मी ऋणी आहे. सुभेदारसाहेबांचे उत्तर मी त्यांना वाचायला दिले. त्यांनी ते वाचले, फोन परत दिला आणि ‘भडगावचे कोणत्या पलटणीचे?’ एवढेच विचारले. बंदूक आमच्याकडे नाही. फवारणीची औषधे काल दिरांच्या गोठ्यात हलवून कुलूप लावले. परंतु दवाखान्याला त्यांचा अजूनही नकार आहे आणि कारण तेच, पेन्शन. ते येत नसतील, तर मी एकटीने डॉक्टरांकडे जाण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : रेकॉर्ड ऑफिसात सेवा केलेला निवृत्त लिपिक, धुळे

पेन्शनपुरते उत्तर देतो. सेवेची मुदत पूर्ण करून मिळालेले निवृत्तिवेतन नंतर झालेल्या कोणत्याही आजाराच्या निदानामुळे कमी होत नाही किंवा थांबत नाही. हवालदारसाहेबांना हे निःशंकपणे सांगावे.

बाजू उलटी आहे. सेवेमुळे उद्भवलेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या विकारासाठी, अपंगत्व किमान २० टक्के ठरल्यास, वेगळी रक्कम मिळण्याची तरतूद आहे आणि मनाचे विकार त्यातून वगळलेले नाहीत. निवृत्तीनंतर उघड झालेल्या विकारासाठीही अर्ज करता येतो, मात्र त्याला कालमर्यादा असते, म्हणून निदान लांबवणे त्यांच्याच तोट्याचे आहे. २०२३ मध्ये याबाबतचे नवे नियम आले असून कोणाला जुने आणि कोणाला नवे लागू होतात, हे निवृत्तीच्या तारखेवरून ठरते. जुन्या नियमांखालील धरमवीर सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असे म्हटले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर आहे. अर्ज नाकारला गेला तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे दाद मागता येते.

डिस्चार्ज बुक, निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाचा कागद, त्या घटनेच्या काळातील नेमणुकीची नोंद आणि आतापासूनच्या प्रत्येक तपासणीची चिठ्ठी एका फाइलमध्ये ठेवा. अर्ज लिहून देण्यास जळगावचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते आणि त्यासाठी कोणालाही पैसे द्यायचे नसतात. केंद्रीय राखीव पोलीस दल किंवा सीमा सुरक्षा दलातील कुटुंबे हे वाचत असतील, तर त्यांनी लक्षात घ्यावे की त्यांना ईसीएचएस आणि हे नियम लागू नाहीत; त्यांचे नियम वेगळे आहेत.

उत्तर : शिक्षिका, अमळनेर

ताई, मी अशाच घरात वाढले, म्हणून मुलांच्या बाजूने लिहिते. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर होते. १९८७ ते १९९० या काळात तिथे आपले हजाराहून अधिक जवान मृत्युमुखी पडले आणि परत आलेल्यांना, आपण कशासाठी गेलो होतो, याचे उत्तर गावात कोणी विचारले नाही आणि त्यांनीही दिले नाही. १९७१ च्या युद्धाच्या गोष्टी आमच्या गल्लीत अभिमानाने सांगितल्या जात. नानांच्या युद्धाची गोष्टच नव्हती.

त्या काळी आमच्या घरी आजाराचे नाव कोणाला माहीत नव्हते, नियम मात्र सर्वांना पाठ होते. भांडे पडता कामा नये, दार आपटता कामा नये, नाना झोपले असताना त्यांच्या पायाला हात लावायचा नाही. अखाजीला गल्लीतल्या सगळ्या बाया माहेरी जात, झाडांना झोके बांधले जात. माझी आई कधी गेली नाही, कारण मागे नानांना कोण सांभाळणार? आम्हा भावंडांना वाटे की आईलाच जाणे आवडत नाही. तिचा रक्तदाब, तिचे डोकेदुखीचे दुखणे, तिचे रात्रभर जागणे यांची गणती कोणीच केली नाही, कारण आजारी होते ते नाना.

लहान मुलाला कारण सांगितले नाही, तर ते स्वतः कारण शोधते आणि बहुतेक वेळा ते कारण म्हणजे आपणच, असे त्याला वाटते. नाना अचानक गप्प झाले की मी दिवसभरात काय चुकले, हे आठवत बसे. आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला इतके तरी सांगा की बाबांनी फार धोक्याच्या जागी काम केले, त्यामुळे त्यांचे शरीर अजून घाबरते, त्यावर औषध आहे, आणि हे तुझ्यामुळे झालेले नाही. शेवटचे वाक्य एकदा सांगून पुरत नाही. मुलीला थोडे अधिक सांगावे लागेल. ‘कड्या मी तपासल्या आहेत, तू झोप,’ असे आईने म्हणणे तिला हवे आहे. आणि शाळेतील वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या. मी आज त्या जागी आहे आणि वर्गात मागच्या बाकावर बसून पेंगणाऱ्या मुलाच्या घरी काय चालले आहे, हे ठाऊक असले तर मला वेगळे वागता येते.

याखेरीज एक सांगते. यंदाच्या अखाजीला आपण माहेरी जा. आधीपासून ठरवून, हवालदारसाहेबांना सांगून, दिरांना त्यांच्या सोबतीला ठेवून जा. त्यांना सोडून गेल्यासारखे वाटेल अशी भीती आपल्याला वाटणार. पण बायको माहेरी जाते आणि परत येते, हा घर नीट चालल्याचा पुरावा त्यांनाही हवा असतो.

उत्तर : मानसोपचारतज्ज्ञ, धुळे

आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. एकट्या या, आणि शक्य असल्यास याच आठवड्यात या. ईसीएचएसचा लाभ अवलंबून असलेल्या पत्नीला आणि मुलांनाही मिळतो, तेव्हा आपल्या स्वतःच्या कार्डावर, स्वतःच्या झोपेच्या तक्रारीसाठी शिफारसपत्र घेता येईल. पतींच्या आजाराचा उल्लेख कागदावर यावा की नाही, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारून घ्या. आपण सांगितलेले गोपनीय ठेवणे त्यांना २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंधनकारक आहे.

येण्यापूर्वी एका वहीत थोडे लिहून आणा : ते साधारण किती वाजता उठतात, किती पितात, कोणत्या आवाजाने किंवा जागेने त्रास वाढतो, आणि कोणत्या दिवशी ते बरे होते व त्या दिवशी वेगळे काय घडले होते. शेवटची नोंद लोक विसरतात आणि मला तिचाच उपयोग अधिक होतो. घरी जाऊन ‘मी तुमच्याविषयी तक्रार करून आले,’ असे त्यांना वाटू देऊ नका. ‘मला झोप येत नाही, म्हणून मी गेले होते, पुढच्या वेळी सोबत चला,’ इतकेच म्हणा. रुग्ण म्हणून यायला नकार देणारे पुष्कळ फौजी पत्नीला सोबत करायला येतात, बाहेर बाकावर बसतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत आत येतात. मुलीला पहिल्या भेटीला आणू नका. तिला कधी आणायचे, ते आपण बोलून ठरवू.